संकेतस्थळाची विक्री

चालू संकेतस्थळ त्याचे डोमेन नाव (इंटरनेटवरील पत्ता), मजकूर, आज्ञावली, वाचकवर्ग आणि उत्पन्नाची साधने यांसह मोबदला घेऊन दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याच्या व्यवहारास संकेतस्थळाची विक्री म्हणतात. नुसत्या डोमेन नावाच्या विक्रीहून हा व्यवहार वेगळा आहे, कारण येथे मोल होते ते चालत्या धंद्याचे. अशा विक्रीसाठी ऑनलाइन बाजार आहेत. मेलबर्न येथे २००९ मध्ये सुरू झालेला फ्लिपा हा त्यांपैकी विशेष परिचित आहे. नागपुरातून एकट्यादुकट्याने चालवलेले छोटे संकेतस्थळही तेथे मांडता येते, किंवा ओळखीपाळखीतून परस्पर विकता येते.

किंमत ठरवताना मागील १२ महिन्यांच्या निव्वळ नफ्याची मासिक सरासरी काढून तिला एका गुणकाने गुणण्याची पद्धत रूढ आहे. छोट्या संकेतस्थळांसाठी हा गुणक साधारणतः २० ते ४० च्या दरम्यान धरला जातो. जाहिराती व संलग्न विक्रीतून (आपल्या दुव्यावरून दुसऱ्याचा माल खपल्यास मिळणाऱ्या दलालीतून) महिन्याला १५,००० रुपये येत असतील आणि होस्टिंग (संकेतस्थळ सर्व्हरवर ठेवण्याची सेवा) व लेखन यांवर ५,००० रुपये जात असतील, तर ३० च्या गुणकाने किंमत ३ लाख रुपये होते. मालक स्वतःच लेख लिहीत असेल, तर त्याच्या श्रमाचे पैसे खर्चात धरले पाहिजेत. बहुतेक विक्रेते ते धरत नाहीत आणि मग घासाघिशीत त्यांची पंचाईत होते.

बारा महिन्यांचा आग्रह का, हे ताडोबा व पेंच येथील सफारींची माहिती देणाऱ्या नागपूरच्या एखाद्या संकेतस्थळावरून समजते. पावसाळ्यात या प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते आणि ऑक्टोबरपासून ती पुन्हा सुरू होते. त्यामुळे जुलै ते सप्टेंबरचे आकडे पाहिले तर संकेतस्थळ बुडीत वाटावे, आणि उन्हाळी सुट्टीतले पाहिले तर भलतेच भरभराटीचे. संत्रा लागवडीच्या संकेतस्थळाचे तसेच; आंबिया आणि मृग या फुलोऱ्याच्या बहारांसाठी बागेला ताण देण्याचे, म्हणजे पाणी तोडण्याचे, दिवस आले की वाचक वाढतात. विक्रेत्याने हा ऋतुक्रम स्वतःहून आलेखासह मांडावा. तो दडवल्यास जाणत्या ग्राहकाच्या लक्षात येतोच, आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

विक्रीची खरी तयारी म्हणजे संकेतस्थळ मालकापासून सोडवणे होय. डोमेन एकाच्या वैयक्तिक ईमेलवर, होस्टिंग दुसऱ्या भागीदाराच्या कार्डावर आणि गूगल ॲनालिटिक्स (वाचकसंख्येची नोंद ठेवणारी सेवा) कुणा जुन्या विकसकाच्या खात्यात, अशी स्थिती सर्रास आढळते. ही सर्व खाती एका स्वतंत्र ईमेलखाली आणावीत, उत्पन्न-खर्चाचा हिशेब बँकेच्या नोंदींशी जुळवावा आणि संपूर्ण बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर चालवून पाहावा. ग्राहकाला ॲनालिटिक्स व सर्च कन्सोल (गूगल शोधातून येणारे वाचक दाखवणारी सेवा) यांचा केवळ पाहण्याचा अधिकार द्यावा; स्क्रीनशॉट सहज बनवता येत असल्याने त्यांना पुराव्याचे मोल नसते.

मजकुराच्या मालकीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार नोकरीत नसलेल्या, लेखामागे पैसे घेणाऱ्या लेखकाने हक्क लेखी स्वरूपात सोपवलेला नसेल, तर पहिला हक्कदार सामान्यतः तोच राहतो. हक्क सोपवण्याचा दस्तऐवज लेखी व स्वाक्षरीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. म्हणून जुन्या लेखकांच्या सह्या संकेतस्थळ बाजारात मांडण्यापूर्वीच घेतलेल्या बऱ्या. सौदा ठरल्याची कुणकुण लागली की सहीचाही भाव वाढतो. विकत घेतलेली थीम (संकेतस्थळाची तयार मांडणी), प्लगइन (जोड-आज्ञावली) व छायाचित्रे यांचे परवाने हस्तांतरणीय आहेत की नाहीत, हेही तपासावे. वाचकांचे ईमेल पत्ते यादीत असल्यास डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील संमतीविषयक तरतुदी लक्षात घ्याव्या लागतात.

अनोळखी पक्षांतील व्यवहारात रक्कम एस्क्रो सेवेकडे, म्हणजे पैसे राखून ठेवणाऱ्या त्रयस्थाकडे, ठेवली जाते. ग्राहक पैसे भरतो, त्यानंतर विक्रेता मालमत्ता सोपवतो, ठरलेल्या मुदतीत ग्राहक तपासणी करून स्वीकृती देतो आणि मगच पैसे विक्रेत्यास मिळतात. एस्क्रो सेवा कोणती हे समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून ठरवू नये, कारण हुबेहूब दिसणाऱ्या बनावट एस्क्रो साइट हा जुना फसवणुकीचा प्रकार आहे.

डोमेन एकाच रजिस्ट्रारकडील (डोमेन नावे नोंदवणाऱ्या कंपनीकडील) एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवणे सोपे असते. रजिस्ट्रार बदलायचा असेल, तर डोमेनचे हस्तांतरण रोखणारे कुलूप काढून हस्तांतरण संकेतांक द्यावा लागतो. डॉट कॉमसारख्या नावांची नोंदणी नुकतीच झाली असेल, तर ६० दिवसांची अटकाव मुदत आड येऊ शकते. गूगलच्या ॲडसेन्स या जाहिरात सेवेचे खाते विकता येत नाही. ग्राहकाने आपल्या खात्याचा कोड लावायचा असतो, आणि संलग्न विक्रीच्या दुव्यांतील ओळखचिन्हेही बदलायची असतात. हे काम पूर्ण होईपर्यंतचे उत्पन्न कोणाचे, हे करारनाम्यात लिहिलेले असावे. वाद झाल्यास नागपूरच्या न्यायालयांची अधिकारिता राहील, असे कलम येथील विक्रेते घालू शकतात. परंतु ग्राहक परदेशी असेल तर हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोपी नसते, म्हणून अशा वेळी एस्क्रोवरच अधिक भिस्त ठेवावी.

विक्रेत्याने तसेच दुसरे संकेतस्थळ काढू नये, अशी अट ग्राहक बहुधा घालतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायास प्रतिबंध करणारे करार निरर्थ ठरतात, मात्र व्यवसायाचा नावलौकिक विकणाऱ्यास त्यात अपवाद आहे. हा अपवाद ठरावीक स्थानिक मर्यादेपुरता व वाजवी बंधनासाठीच आहे. संकेतस्थळाला गावाची वेस नसल्याने ही मर्यादा कशी आखावी, हा प्रश्न उरतो. म्हणून विषय, भाषा व प्रदेश यांचा स्पष्ट उल्लेख करून, उदाहरणार्थ ‘विदर्भातील व्याघ्र प्रकल्पांविषयी मराठी संकेतस्थळ’ अशा नेमक्या शब्दांत, ती अट वकिलाकडून लिहून घेणे इष्ट ठरते.