एनसीएए पुरुष टेनिस अजिंक्यपद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांच्या पुरुष खेळाडूंसाठी भरणारी वार्षिक टेनिस स्पर्धा. ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ (एनसीएए) ही आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंस्था ती भरवते. सांघिक, एकेरी आणि दुहेरी अशी तीन विजेतेपदे तीत दिली जातात. ही नोंद पहिल्या विभागापुरती (डिव्हिजन वन) आहे. लहान महाविद्यालयांसाठी १९६३ पासून निराळी स्पर्धा होऊ लागली व पुढे तिचेही दुसरा आणि तिसरा असे विभाग पडले. त्यांचे निकाल येथे धरलेले नाहीत.

आरंभकाल : स्पर्धेचा आरंभ कोणत्या वर्षापासून मानावा यावर एकमत नाही. एकेरीच्या विजेत्यांची प्रचलित यादी १८८३ पासून सुरू होते, तर सांघिक विजेत्यांची १९४६ पासून. दोन्ही याद्या एकाच स्पर्धेच्या म्हणून शेजारीशेजारी छापल्या जातात आणि त्यातून बराच घोळ होतो.

१८८३ च्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेची राष्ट्रीय लॉन टेनिस संघटना १८८१ मध्ये स्थापन झाली आणि दोनच वर्षांत कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे, ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने, पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळली गेली. त्या वर्षी वसंतात आणि शरदात अशा दोन स्पर्धा झाल्या व दोन्हींत हार्वर्डचेच खेळाडू जिंकले : आधी जोसेफ क्लार्क, नंतर हॉवर्ड टेलर. यांपैकी क्लार्कने १८८५ मध्ये रिचर्ड सिअर्सच्या जोडीने अमेरिकेचे राष्ट्रीय दुहेरी विजेतेपदही मिळवले, त्यामुळे स्पर्धेचा दर्जा आरंभीच वरचा होता असे म्हणता येते. (हे ट्रिनिटी कॉलेज आणि १९७२ चे सांघिक विजेतेपद मिळवणारे टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठ या वेगळ्या संस्था आहेत. याद्या चाळताना हा फरक ध्यानात ठेवावा.)

आक्षेप असा की १८८३ मध्ये एनसीएए अस्तित्वातच नव्हती. तिची स्थापना १९०६ ची, सध्याचे नाव १९१० चे, आणि तिने भरवलेली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९२१ ची मैदानी खेळांची. तेव्हा क्लार्क किंवा टेलर यांना ‘एनसीएए विजेते’ म्हणणे काटेकोर अर्थाने चूक ठरते. १९४६ पासून संघांची अधिकृत गणना सुरू झाली, म्हणून तेच वर्ष मूळ धरावे असे या मताचे प्रतिपादन आहे. सीमारेषा १९३० च्या दशकाच्या अखेरीस ओढणारे तिसरे मतही आढळते. स्पर्धेची सूत्रे टेनिस संघटनेकडून एनसीएएकडे हळूहळू गेली, असे त्याचे गृहीतक आहे.

हा वाद तारखेपुरता राहत नाही, कारण त्यावर विक्रम अवलंबून आहेत. येलचा वॉलेस पर्सी नॅप १८८४ आणि १८८५ असा सलग दोनदा जिंकला. माल्कम चेस १८९३ मध्ये ब्राउन विद्यापीठाकडून आणि पुढची दोन वर्षे येलकडून विजेता ठरला. फ्रान्सिस्को ‘पांचो’ सेगुरा याने मायामी विद्यापीठाकडून १९४३ ते १९४५ अशी तीन वर्षे एकेरी जिंकली. १९४६ हीच सुरुवात मानली तर हे तिघेही यादीबाहेर जातात आणि तीन विजेतेपदांचा विक्रमच उरत नाही. सेगुराच्या बाबतीत तर ही गणना फार अन्यायाची होते. एक्वादोरमधील ग्वायाकिल शहरात गरिबीत वाढलेला, लहानपणच्या मुडदुसाने पाय वाकलेला हा खेळाडू दोन्ही हातांनी फोरहँड मारत असे, आणि पुढे व्यावसायिक टेनिसमध्ये त्याच्या काळातल्या श्रेष्ठांत गणला गेला. त्या वर्षांत अनेक अमेरिकन खेळाडू युद्धावर होते हे खरे. पण स्पर्धा झाली, सामने झाले, निकाल नोंदले गेले. म्हणून एकेरीची यादी १८८३ पासून अखंड ठेवावी, १९४६ पाशी टीप द्यावी आणि सांघिक विजेतेपदे मात्र १९४६ पासूनच मोजावीत, ही पद्धत अधिक ग्राह्य वाटते. या नोंदीत तीच अनुसरली आहे.

पूर्वकाळ (१८८३–१९४५) : आरंभीची अनेक दशके पूर्व किनाऱ्यावरील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या वर्चस्वाची आहेत. १८९९ चा एकेरी विजेता हार्वर्डचा ड्वाइट डेव्हिस होता. पुढच्याच वर्षी त्याने दिलेल्या चषकावरून डेव्हिस चषक स्पर्धा सुरू झाली. १९२१ मध्ये स्टॅनफर्डच्या फिलिप नीरने एकेरी जिंकली आणि त्यानंतर कॅलिफोर्निया, टेक्सास, टुलेन येथील नावे यादीत वारंवार येऊ लागतात.

सांघिक विजेतेपद व गुणपद्धती : १९४६ पासून १९७६ पर्यंत सांघिक स्पर्धा म्हणून वेगळे सामने होतच नसत. एकेरी व दुहेरीच्या बाद फेऱ्यांत विद्यापीठाचे खेळाडू जितके पुढे जातील तितके गुण त्या विद्यापीठाच्या खात्यावर पडत आणि सर्वाधिक गुणांचा संघ विजेता ठरे. या पद्धतीत एखादा असामान्य खेळाडू आणि एक चांगली जोडी संघाला तारून नेऊ शकत असे. १९४६ मध्ये साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ (यूएससी) पहिला सांघिक विजेता झाले, त्याच वर्षी त्याच्या रॉबर्ट फाल्केनबर्गने एकेरी जिंकली आणि भाऊ टॉमसह दुहेरीही. हाच रॉबर्ट १९४८ मध्ये विम्बल्डन जिंकला.

गुण समान झाले तर काय, याचे उत्तर त्या पद्धतीत नव्हते. १९५९ मध्ये नोत्र दाम व टुलेन आणि १९७६ मध्ये यूएससी व यूसीएलए (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) यांना विजेतेपद विभागून द्यावे लागले. १९७७ पासून संघाविरुद्ध संघ अशी बाद फेरी सुरू झाली आणि त्या नव्या पद्धतीचा पहिला विजेता स्टॅनफर्ड ठरला. १९७७ आधीचे आणि नंतरचे सांघिक विजेतेपद ही भिन्न प्रकारची कामगिरी आहे. एकूण आकड्यांची तुलना करताना हे विसरले जाते.

२०२५ पर्यंतच्या गणनेनुसार यूएससीकडे २१, स्टॅनफर्डकडे १७ आणि यूसीएलएकडे १६ सांघिक विजेतेपदे आहेत (१९७६ चे विभागून मिळालेले दोघांच्याही खात्यात धरून). त्याखालोखाल जॉर्जिया व व्हर्जिनिया प्रत्येकी ६. १९६० ते १९८४ या पंचवीस वर्षांत कॅलिफोर्नियातील या तीन विद्यापीठांबाहेर विजेतेपद एकदाच गेले, ते १९७२ मध्ये ट्रिनिटीकडे. बारमाही उघड्यावर खेळता येणारी हवा, सिमेंटची कोर्टे आणि किशोरवयीन खेळाडूंची जुनी परंपरा ही कारणे सामान्यतः दिली जातात. यूएससीला दहा विजेतेपदे मिळवून देणारे जॉर्ज टोली लॉस एंजेलिस टेनिस क्लबमध्येही प्रशिक्षक होते, त्यामुळे क्लब आणि विद्यापीठ यांच्यात फारसे अंतर उरले नव्हते. स्टॅनफर्डची सतराही विजेतेपदे १९७३ ते २००० या काळात डिक गोल्ड या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली आली. सलग चार वर्षे जिंकण्याचा पराक्रम यूएससीने दोनदा केला (१९६६–६९ व २००९–१२), स्टॅनफर्डने एकदा (१९९५–९८). १९८५ मध्ये जॉर्जियाने कॅलिफोर्नियाची ही मक्तेदारी मोडली. २०१४ च्या यूएससीनंतर २०२५ पर्यंत कॅलिफोर्नियातील एकही संघ जिंकलेला नाही. अलीकडचे विजेते : २०१७ व्हर्जिनिया, २०१८ वेक फॉरेस्ट, २०१९ टेक्सास, २०२१ फ्लोरिडा, २०२२ व २०२३ व्हर्जिनिया, २०२४ टेक्सास क्रिश्चन, २०२५ वेक फॉरेस्ट. २०२० ची स्पर्धा करोनाच्या साथीमुळे झाली नाही.

एकेरीचे विजेते : १९६५ मध्ये यूसीएलएचा आर्थर अ‍ॅश एकेरी जिंकला. हे विजेतेपद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष. त्याच वर्षी इयान क्रुकेन्डेनच्या साथीने दुहेरी आणि संघासह सांघिक विजेतेपदही त्याने मिळवले. एकाच वर्षी तिन्ही विजेतेपदांचा योग पुढे स्टॅनफर्डच्या बॉब ब्रायनला (१९९८) आणि जॉर्जियाच्या मटिआस बोएकरला (२००१) साधला. जिमी कॉनर्स (१९७१) आणि जॉन मॅकेन्रो (१९७८) हे दोघेही विद्यापीठातल्या पहिल्याच वर्षी जिंकले आणि लगेच व्यावसायिक टेनिसकडे वळले. मॅकेन्रोने अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या जॉन सॅड्रीला ७–६, ७–६, ५–७, ७–६ असे हरवले, म्हणजे चारपैकी तीन सेट टायब्रेकवर गेले. सलग दोनदा जिंकणाऱ्यांत हॅमिल्टन रिचर्डसन, डेनिस राल्स्टन, मिकाएल पर्नफोर्स, बोएकर, सोमदेव देववर्मन व स्टीव्ह जॉन्सन यांची नावे येतात. जॉन्सनने महाविद्यालयीन एकेरीत सलग ७२ सामने जिंकून शिक्षण पूर्ण केले.

२०२४ च्या शरद सत्रापासून एकेरी व दुहेरीची स्पर्धा मे महिन्याऐवजी नोव्हेंबरात घेण्याचा प्रयोग सुरू झाला. सांघिक स्पर्धा मे महिन्यातच राहिली. परिणामी २०२४ या एका वर्षात दोन एकेरी विजेते झाले : मे महिन्यात अलाबामाचा फिलिप प्लानिन्शेक आणि नोव्हेंबरात कोलंबियाचा मायकेल झेंग. एका वर्षात दोन विजेते हा प्रकार १८८३ नंतर प्रथमच दिसतो, आणि याद्या नुसत्या वर्षवार छापणाऱ्यांची अडचण त्याने वाढवली आहे.

निकाल कसा वाचावा : सांघिक लढतीत तीन दुहेरी आणि सहा एकेरी सामने असतात. दुहेरी आधी होते. तिथे सहा गेमचा एकच सेट असतो आणि तीनपैकी दोन जोड्या जिंकल्या तर संघाला मिळून एकच गुण मिळतो. एकेरीचा प्रत्येक सामना एक गुणाचा. अशा सात गुणांपैकी चार मिळाले की लढत संपते, म्हणून निकाल ४–०, ४–१, ४–२ किंवा ४–३ असाच असतो. चौथा गुण पडताच शेजारच्या कोर्टांवरचे चालू सामने तिथेच थांबतात आणि पत्रकात ६–४, ३–५ अशा गुणसंख्येपुढे ‘अपूर्ण’ एवढेच लिहिले जाते. तिसऱ्या सेटमध्ये आघाडीवर असलेल्या खेळाडूचा सामनाही असाच पुसला जातो. पत्रकाच्या तळाशी सामने कोणत्या क्रमाने संपले ते दिलेले असते. लढतीचा खरा प्रवास त्या एका ओळीतून कळतो. सहा एकेरी सामने एकाच वेळी शेजारीशेजारी चालू असतात, प्रेक्षक आपापल्या खेळाडूच्या नावाने ओरडत असतात, आणि विम्बल्डनची शांतता इथे कोणी अपेक्षितही नाही. मागच्या दशकाच्या मध्यापासून ड्यूसनंतरचा (४०–४० बरोबरीनंतरचा) एकच गुण निर्णायक मानण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

स्थळे : १९७७ ते १९८९ अशी सलग वर्षे स्पर्धा जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे झाली आणि हे गाव महाविद्यालयीन टेनिसचे माहेरघर बनले. त्याचे श्रेय जॉर्जियाचे प्रशिक्षक डॅन मॅगिल यांना दिले जाते. अलीकडे स्थळे बदलत असतात : २०२३ ऑरलँडो, २०२४ स्टिलवॉटर, २०२५ वेको.

भारतीय खेळाडू : या स्पर्धेत भारताची सर्वांत मोठी कामगिरी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या सोमदेव देववर्मनची आहे. तो सलग तीन वर्षे एकेरीच्या अंतिम फेरीत पोहोचला. २००६ मध्ये यूसीएलएच्या बेंजामिन कोल्लोफेलकडून हरला. २००७ चा अंतिम सामना अथेन्समध्ये, जॉर्जियाच्याच जॉन इस्नरविरुद्ध, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरच्या कोर्टावर आणि त्याच्याच पाठीराख्यांसमोर झाला. जॉर्जियाने नुकतेच सांघिक विजेतेपद मिळवले होते. सहा फूट दहा इंचांच्या इस्नरची सर्व्हिस परतवणे व्यावसायिकांनाही पुढे जड गेले. सोमदेवने ७–६ (७), ४–६, ७–६ (२) अशी बाजी मारली. इस्नरशी निर्णायक टायब्रेक खेळून त्याला दोनच गुण देणे ही गोष्ट, इस्नरची नंतरची कारकीर्द पाहता, आज अधिकच थोर वाटते. २००८ मध्ये तुल्सा येथे टेनेसीच्या जॉन-पॅट्रिक स्मिथला ६–३, ६–२ असे सहज हरवून त्याने विजेतेपद राखले. त्या मोसमात एकेरीत तो ४४ सामने जिंकला आणि एकच हरला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडास्पर्धांत त्याने एकेरीचे सुवर्णपदक मिळवले आणि दुहेरीचे सुवर्ण सनम सिंगच्या साथीने. सनमही व्हर्जिनियाचाच.

मुंबईचा हर्ष मंकड मिनेसोटा विद्यापीठाकडून खेळला. तो विनू मंकड यांचा नातू, अशोक मंकड आणि टेनिसपटू निरुपमा मंकड यांचा मुलगा. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून, तर पुण्याचाच सिद्धांत बांठिया वेक फॉरेस्टकडून खेळला. भारतीय वंशाच्या अमेरिकन खेळाडूंत राजीव रामने २००३ मध्ये इलिनॉयकडून ब्रायन विल्सनच्या साथीने दुहेरी जिंकली. त्या मोसमात इलिनॉयचा संघ एकही लढत न हरता विजेता झाला. विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश २००२ च्या विजेत्या यूएससी संघात होता.