चित्त्याचा वेग, इंपालाचे वळण

वन्य प्राण्यांच्या क्षमतांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत प्रत्येक प्राण्यापुढे एकच आकडा दिलेला असतो, आणि तो कोणत्या परिस्थितीत मोजला याचा उल्लेख क्वचितच आढळतो. त्यामुळे अशा तक्त्यांतून प्राण्याच्या जगण्यातली खरी चुरस मुळीच कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

चित्त्याचेच उदाहरण घेऊ. बोट्सवानातील पाच रानटी चित्त्यांच्या गळ्यात उपग्रहाच्या साहाय्याने स्थान व हालचाली टिपणारे पट्टे बसवून ब्रिटिश संशोधकांनी त्यांच्या ३६७ धावांची नोंद केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वाधिक वेग ताशी ९३ किलोमीटर भरला. मात्र बहुतेक पाठलाग त्याहून पुष्कळच कमी वेगाने झाले होते. विशेष म्हणजे, ज्या पाठलागांत शिकार हाती लागली, त्यांत चित्त्याने वेग अधिक झपाट्याने कमी केल्याचे दिसले. वळायचे असेल तर आधी वेग आवरावा लागतो, आणि त्यासाठी चित्त्याचे शरीर उत्तम घडलेले आहे. इतर मार्जारकुलीन प्राण्यांची नखे पूर्णपणे आत ओढली जातात, चित्त्याची मात्र तशी जात नाहीत, त्यामुळे धावताना ती जमिनीत रुततात. लांब शेपटी वळणाच्या वेळी तोल सावरते.

याच गटाने २०१८ साली सिंह व झेब्रा आणि चित्ता व इंपाला (आफ्रिकेतील हरणासारखा प्राणी) अशा जोड्यांची तुलना केली. शिकारी प्राण्यांच्या स्नायूंची शक्ती भक्ष्याच्या स्नायूंपेक्षा सुमारे २० टक्के अधिक, वेग वाढवण्याची क्षमता ३७ टक्के अधिक आणि वेग कमी करण्याची क्षमता तब्बल ७२ टक्के अधिक भरली. एवढी तफावत असूनही इंपाला अनेकदा निसटते, कारण कधी आणि कुठे वळायचे हे तिच्या हाती असते, शिकाऱ्याला मात्र त्यावर केवळ प्रतिसाद द्यावा लागतो. जीव खाऊन सरळ पळणाऱ्या प्राण्याचे पुढचे पाऊल कुठे पडणार याचा अंदाज शिकाऱ्याला बांधता येतो; थोड्या कमी वेगाने पळून अगदी शेवटच्या क्षणी झटकन वळणे, हेच भक्ष्याच्या फायद्याचे ठरते. शारीरिक क्षमतेची याहून सुंदर तुलना मला माहीत नाही.

अंतर वाढले की क्रमवारी बदलते. चित्त्याची धाव काही शे मीटरांत संपते, तर उत्तर अमेरिकेतील प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी मोठी फुप्फुसे आणि मोठे हृदय यांच्या बळावर कित्येक किलोमीटर भरधाव पळू शकतो.

ताकदीची तुलना करताना आणखी एक अडचण येते, ती म्हणजे आकाराची. स्नायूचे बल त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर वजन घनफळावर. लांबी दुप्पट झाली की बल चौपट होते, पण वजन आठपट होते. हाडांच्या संदर्भात हा विचार गॅलिलिओने १६३८ सालीच मांडला होता. शेणकिड्याच्या एका जातीतील नर स्वतःच्या वजनाच्या ११४१ पट भार ओढू शकतो, हे २०१० साली मोजले गेले. परंतु तोच किडा हत्तीएवढा झाला, तर त्याला स्वतःच्या पायांवर उभेही राहता येणार नाही. हत्तीचे खांबासारखे सरळ, जाड पाय ही त्या प्रचंड वजनाची गरज आहे. थायलंडमधील हत्तींच्या चालीचा चित्रीकरणाद्वारे केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने जातानाही त्यांचा किमान एक पाय जमिनीवर टेकलेलाच असतो, असे आढळले.