ओंडका, सुरा आणि चार कामं

२६ डिसेंबर १५०२ च्या सकाळी चेझेना गावच्या चौकात रेमिरो द ओर्को याचं प्रेत दोन तुकडे करून टाकलेलं लोकांना दिसलं. शेजारी लाकडाचा ओंडका आणि रक्ताने माखलेला सुरा. काही दिवसांपूर्वीपर्यंत हा माणूस इटलीतल्या रोमान्या प्रांताचा सुभेदार होता आणि अख्खा प्रांत त्याला चळाचळा कापत होता. त्याला नेमणारा आणि मारणारा मात्र एकच: चेझारे बोर्जिया, पोप सहाव्या अलेक्झांडरचा मुलगा.

फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा वकील तेव्हा बोर्जियासोबतच होता. वय ३३, नाव निकोलो मॅकियाव्हेली. त्याने त्याच दिवशी घरी खलिता धाडला. त्याचा आशय असा: रेमिरोला का मारलं ते नीट कळत नाही, ड्यूकची, म्हणजे बोर्जियाची, तशी मर्जी होती एवढंच. माणसं घडवणं आणि मोडणं आपल्या हातात आहे, हे त्याला दाखवायचं असावं.

पुढे १५१३ मध्ये मॅकियाव्हेली 'द प्रिन्स' लिहायला बसला तेव्हा सातव्या प्रकरणात त्याच घटनेचं कारण त्याने अगदी स्वच्छ मांडलं. आधी क्रूर माणसाकडून प्रांत सरळ करून घ्यायचा, मग त्याचा बळी देऊन लोकांचा राग त्याच्यासोबत पुरायचा. खलित्यातलं 'कळत नाही' आणि पुस्तकातलं 'हे असंच करायचं असतं' यांच्यामध्ये अकरा वर्षं गेली, आणि लेखकाची नोकरीही. हे पुस्तक म्हणजे राजांना शिकवलेला कपटाचा पाठ, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते शवविच्छेदनाच्या अहवालासारखं वाटतं. डॉक्टर हुशार आहे, पण निदान रोगी गेल्यावरचं आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा.

मॅकियाव्हेलीचा मूळ प्रश्न नव्या राजाचा आहे. वंशपरंपरेने आलेल्या राजाला लोक सरावलेले असतात. त्याने जुनी घडी मोडली नाही तर त्याचं चालून जातं. नव्याचं तसं नसतं. ज्यांचं गेलं ते शत्रू होतातच, पण ज्यांनी त्याला आत घेतलं तेही नाराज होतात, कारण त्यांच्या अपेक्षा पुऱ्या करणं कुणालाच शक्य नसतं. शिवाय त्यांचे उपकार असल्यामुळे त्यांच्यावर हात उगारता येत नाही. म्हणून राज्य मिळवणं आणि टिकवणं ही त्याच्या लेखी दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुधा एकमेकांच्या उलट. दुसऱ्याच्या हत्यारांनी आणि नशिबाने मिळालेलं राज्य कष्टाशिवाय हाती येतं, पण ते राखताना जीव जातो. स्वतःच्या बळावर मिळवलेलं मिळवताना रडवतं, मग टिकतं.

बोर्जियाकडे जे होतं ते जवळजवळ सगळं उसनं होतं. फ्रान्सचा राजा बारावा लुई याला पहिलं लग्न रद्द करून ब्रिटनीच्या ॲनशी लग्न करायचं होतं. त्यासाठी पोपची परवानगी लागत होती, आणि आपला मंत्री जॉर्ज द आंब्वाज याला कार्डिनलची (पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूची) टोपीही हवी होती. १४९८ साली ही कागदपत्रं घेऊन चेझारे स्वतः फ्रान्सला गेला. बदल्यात त्याला व्हॅलेंत्वाची डची, म्हणजे ड्यूकची जहागीर, मिळाली आणि पुढच्या मोहिमांसाठी फ्रेंच फौजेचं पाठबळ. या जोरावर १४९९ ते १५०१ या काळात इमोला, फोर्ली, पेझारो, रिमिनी, फाएन्झा अशी रोमान्यातली ठाणी एकामागून एक पडली. नावाला ती पोपच्याच मालकीची होती. प्रत्यक्षात तिथे छोटी घराणी राज्य करत होती.

या फौजेचे दोन भाग होते आणि दोन्हींचं दुखणं निराळं.

पहिला भाग फ्रेंचांचा. मॅकियाव्हेली म्हणतो, मित्राची कुमक हरली तर तुम्ही बुडालात, जिंकली तर तुम्ही तिचे कैदी. (मराठी वाचकाला तैनाती फौज समजावून सांगायला नको. दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली ती ३१ डिसेंबर १८०२ ला. पुढे येणाऱ्या सेनिगालियाच्या रात्रीला त्या दिवशी बरोबर ३०० वर्षं झाली होती.)

दुसरा भाग भाडोत्री सरदारांचा. इटलीत यांना कोंदोत्तिएरी म्हणत, म्हणजे 'कोंदोत्ता' या करारावर काम करणारे. करारात किती घोडेस्वार, किती पायदळ, किती महिने आणि किती पगार हे लिहिलेलं असे. गोम अशी की माणसं आणि घोडी हेच सरदाराचं भांडवल. निकराची लढाई म्हणजे स्वतःच्या भांडवलाची नासाडी, आणि युद्ध संपलं की करारही संपला. त्यामुळे लढाई लांबवण्यात त्याचा फायदा. फ्लॉरेन्सला याचा चटका बसला होता. ऑगस्ट १४९९ मध्ये पीसाच्या वेढ्यात तट फुटला, तरी सेनापती पाओलो व्हितेल्लीने हल्ला रेटला नाही. फ्लॉरेन्सने त्याला फितुरीच्या संशयावरून पकडलं आणि १ ऑक्टोबरला त्याचा शिरच्छेद केला.

भाडोत्र्यांवरचा मॅकियाव्हेलीचा राग मात्र कधीकधी त्याच्या हिशेबाला चकवतो. १४४० च्या आंगियारीच्या लढाईत एकच माणूस मेला, तोही घोड्यावरून पडून, असं त्याने फ्लॉरेन्सच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. त्या काळच्या दुसऱ्या नोंदी असं म्हणत नाहीत.

ऑक्टोबर १५०२ मध्ये बोर्जियाचे हेच सरदार पेरुजाजवळ माजोने इथे जमले आणि त्यांनी त्याच्याविरुद्ध कट केला. पाओलोचा भाऊ व्हितेल्लोझ्झो व्हितेल्ली, फेर्मोचा ओलिव्हेरोत्तो, ओर्सिनी घराण्यातले लोक असे सगळे त्यात होते. बोर्जियाच्या ताब्यातलं उर्बिनो बंड करून उठलं. बोर्जियाकडे त्या घडीला फौज थोडी होती. आता पुढचं जे मॅकियाव्हेलीने इमोलात बसून जवळून पाहिलं, ते क्रमाने बघण्यासारखं आहे.

त्याने आधी वेळ विकत घेतला. पाओलो ओर्सिनीला पैसे, उंची कपडे, घोडे दिले आणि तहाची बोलणी चालू ठेवली. त्याच वेळी फ्रेंचांकडे कुमक मागितली आणि रोमान्यात घरटी एक माणूस याप्रमाणे स्वतःचे शिपाई उभे करायला घेतले. कटवाले मात्र एकमेकांवर नजर ठेवण्यात अडकले. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा आपल्याला टाकून आधी तह करील. तह झालाच. मग डिसेंबरात बोर्जियाने बरेचसे फ्रेंच स्वार परत पाठवून दिले. घाबरलेल्या माणसाला बाहेर काढायचं तर आपण दुबळे दिसलेलं बरं. उरलेली फौज त्याने लहान तुकड्यांत विखरून चालवली, म्हणजे एकूण आकडा कुणाच्या नजरेत भरणार नाही.

सेनिगालिया हे समुद्रकाठचं गाव सरदारांनी त्याच्यासाठी घेऊन ठेवलं होतं. आपल्या माणसांना राहायला जागा हवी म्हणून तुमची फौज गावाबाहेर हलवा, असा त्याने निरोप धाडला. त्यांनी ती आसपासच्या गढ्यांमध्ये पांगवली. ओलिव्हेरोत्तोचे लोक तेवढे वेशीपाशी उरले. ३१ डिसेंबरला बोर्जिया आला, सरदारांची गळाभेट घेतली आणि मुक्कामाच्या घरात शिरताच त्यांना पकडलं. व्हितेल्लोझ्झो आणि ओलिव्हेरोत्तो यांचा गळा त्याच रात्री आवळला गेला. ओर्सिनींना त्याने १८ जानेवारीपर्यंत जिवंत ठेवलं. त्यांच्या घराण्यातला कार्डिनल रोममध्ये पोपच्या हाती लागल्याची बातमी येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं होतं.

कपट सगळ्यांनाच आठवतं. पुस्तकाचा खरा भर मात्र त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कंटाळवाण्या कामावर आहे. रोमान्यातले जुने धनी प्रजेला लुटत, वाटमारी आणि खून रोजचे होते. रेमिरोने थोड्या काळात जरब बसवली. ते झाल्यावर तेवढ्या कडक अधिकाराची गरज उरली नाही. उलट त्याचा तिरस्कार धन्यावर उलटणार होता. म्हणून बोर्जियाने प्रांताच्या मध्यावर दिवाणी न्यायालय उभारलं, त्याच्यावर नावाजलेला न्यायाधीश बसवला आणि प्रत्येक शहराचा एक वकील तिथे ठेवला. ओंडका आणि सुरा ही त्यानंतरची पायरी. लोक एकाच वेळी समाधानी आणि सुन्न झाले, असं मॅकियाव्हेली लिहितो. रेमिरोवर प्रत्यक्षात धान्याच्या व्यवहारातल्या लबाडीचे आरोप होते आणि कटवाल्यांशी संधान असल्याचाही संशय होता, हे त्याने पुस्तकात घेतलेलं नाही. निदानात अडथळा आणणारी लक्षणं गाळण्याची ही खोड त्याच्यात आहे.

यातूनच आठव्या प्रकरणातला हिशेब येतो. जबरदस्ती करायचीच तर ती एकदाच, सुरुवातीला आणि गरजेपुरती. मग थांबायचं आणि उरलेली ताकद प्रजेच्या हिताला लावायची. उलट, उपकार थोडे थोडे करत राहायचं, म्हणजे त्यांची चव टिकते. जो भीतीपोटी किंवा वाईट सल्ल्याने पहिल्या दिवशी हात आखडता घेतो, त्याला रोज सुरी हातात घेऊन बसावं लागतं, आणि रोज नवी जखम होणाऱ्या प्रजेवर विसंबता येत नाही.

सतराव्या प्रकरणातलं 'प्रेमापेक्षा भीती बरी' हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण त्याची दुसरी बाजू मागेच राहते. भीती चालेल, द्वेष चालणार नाही. द्वेष टाळण्याची रीतही तो सांगतो: प्रजेच्या मालमत्तेला आणि बायकांना हात लावू नका. माणूस बापाचा मृत्यू एकवेळ विसरेल, वडिलोपार्जित मालमत्ता गेलेली विसरणार नाही. यात कारकुनी व्यवहारही आहे. एखाद्याला मारायला दरवेळी सबब शोधावी लागते. जप्तीची चटक लागली की सबबींना तोटा नसतो, त्यामुळे ती थांबत नाही. उधळपट्टीबद्दलचं त्याचं मतही याच धाग्यातलं. दिलदार म्हणवून घ्यायला राजा खजिना रिकामा करतो, मग कर वाढवतो, मग द्वेष पदरात पडतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच लोकांनी चिक्कू म्हटलेलं परवडलं.

पाया पक्का होता का, याची कसोटी लवकरच लागली. १८ ऑगस्ट १५०३ ला पोप अलेक्झांडर मेला. बाप गेल्यावर काय, याची तयारी बोर्जियाने चार कामांत केली होती, असं मॅकियाव्हेली मोजून दाखवतो. ज्यांचं राज्य घेतलं त्या घराण्यांचे वारस संपवणं, म्हणजे नव्या पोपला त्यांची बाजू घेण्याची सोय उरणार नाही. रोमचे उमराव आपल्याकडे वळवणं. कार्डिनलांमध्ये शक्य तितका आपला गट बांधणं. आणि बाप जिवंत असतानाच इतकं बळ कमावणं की पहिला धक्का एकट्याला पेलता यावा. तीन झाली होती, चौथं होत आलं होतं. पण त्याच आठवड्यांत बोर्जिया स्वतः मरणाच्या दारात पडून होता. पुढे त्याने मॅकियाव्हेलीला सांगितलं की बाप मेल्यावर काय होऊ शकेल याचा सगळा विचार केला होता. त्या वेळी आपणही मरायला टेकलेले असू, एवढं मात्र सुचलं नाही.

तरीही रोमान्याने महिनाभरापेक्षा जास्त काळ त्याची वाट पाहिली. मॅकियाव्हेलीच्या दृष्टीने पाया पक्का असल्याचा हा पुरावा.

मग चुकलं कुठे? पोप निवडीत. मध्ये आलेला तिसरा पायस महिन्याच्या आतच मेला, आणि १ नोव्हेंबरला जुलियानो देल्ला रोव्हेरे हा दुसरा ज्युलियस म्हणून निवडून आला. अलेक्झांडरच्या काळात त्याने कित्येक वर्षं परागंदा होऊन काढली होती. बोर्जियाने आपल्या गोटातल्या स्पॅनिश कार्डिनलांची मतं त्याला दिली, ती पोपच्या सेनापतिपदाच्या वचनावर. हवा तो पोप करता येत नसला तरी नको तो अडवता येत होता, आणि तेच त्याने केलं नाही, हा मॅकियाव्हेलीचा ठपका आहे. नव्या उपकारांनी मोठी माणसं जुने अपमान विसरतात असं मानणारा स्वतःला फसवतो. मला हा ठपका थोडा कडक वाटतो. ती निवड एका दिवसात उरकली इतकी ज्युलियसची बाजू भक्कम होती, आणि आजारी बोर्जियाच्या हातात नकाराची ताकद खरोखर किती उरली होती हा प्रश्नच आहे. ज्युलियसने त्याला कैद करून किल्ले सोडायला लावले. १२ मार्च १५०७ ला स्पेनच्या उत्तरेला व्हियाना इथे एका चकमकीत तो मारला गेला.

मॅकियाव्हेलीने मात्र यातून एक धडा घेऊन घरी वापरून पाहिला: हत्यारं स्वतःची हवीत. ६ डिसेंबर १५०६ च्या कायद्याने फ्लॉरेन्सने आसपासच्या खेड्यांतून शेतकऱ्यांचं सैन्य उभारलं, आणि त्याचं चिटणीसपद त्याच्याकडेच आलं. त्यांना शिस्त लावायला आणलेला माणूस होता मिगेल द कोरेल्या, बोर्जियाचा जुना विश्वासू. सेनिगालियातले गळे त्यानेच आवळले असं मानलं जातं.

या सैन्याची बांधणी मुळातच भीतीने केलेली होती. शहरातल्या नागरिकांना हत्यारं द्यायला सत्ताधारी तयार नव्हते, आणि अरेत्सोसारखी जिंकलेली शहरं तर सशस्त्र करायचीच नव्हती. अधिकाऱ्याचा शिपायांवर जीव बसू नये म्हणून दरवर्षी त्याची बदली. कवायत सणासुदीच्या दिवशी. ज्यांना राज्यात मत नाही, त्यांनी त्या राज्यासाठी मरायचं होतं. तरी जून १५०९ मध्ये पीसा शरण आलं. उपासमार करून घेतलेल्या वेढ्यात हे सैन्य उपयोगी पडलं.

२९ ऑगस्ट १५१२ ला प्राटो गावाच्या तटाला स्पॅनिश तोफांनी लहानसं भगदाड पाडलं. मुरलेलं स्पॅनिश पायदळ आत शिरताना दिसताच मॅकियाव्हेलीचे शिपाई पळत सुटले. गावात भयंकर कत्तल आणि लूट झाली. काही दिवसांत फ्लॉरेन्सचं जुनं सत्ताधारी मेदिची घराणं तिथे परतलं, नोव्हेंबरात मॅकियाव्हेलीची नोकरी गेली, आणि फेब्रुवारी १५१३ मध्ये कटाच्या संशयावरून हात मागे बांधून दोरीला टांगण्याची शिक्षाही त्याने भोगली.

त्याच वर्षी लिहिलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात इटलीच्या फौजा कुठे कुठे नालायक ठरल्या याची यादी त्याने दिली आहे: तारो, आलेस्सांद्रिया, कापुआ, जेनोआ, व्हायला, बोलोन्या, मेस्त्री. सात नावं आहेत. प्राटो त्यात नाही.