घरात मुरलेला कार्बन आणि घराने जाळलेला कार्बन

छपरावर सोलर पॅनेल, आत एलईडी दिवे, विजेचं बिल निम्म्यावर. म्हणजे इमारत पर्यावरणपूरक. वास्तुकला आणि सिव्हिलच्या विद्यार्थ्यांचे बरेच प्रकल्प-अहवाल इथेच संपतात. त्याच अहवालात मागे क्वांटिटी शीट जोडलेली असते. तिच्यात स्लॅबचं सिमेंट पोत्यापोत्याने मोजलेलं असतं, पण त्या पोत्यांचा कार्बन कुठल्याच बेरजेत येत नाही. कारण एम्बॉडीड कार्बन आणि ऑपरेशनल कार्बन हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात.

ऑपरेशनल म्हणजे घर वापरताना जाणारा: एसी, पंखे, पंप, लिफ्ट, गिझर. एम्बॉडीड म्हणजे घर उभं करताना, दुरुस्त करताना आणि शेवटी पाडताना जाणारा. ईएन १५९७८ या युरोपीय मानकाने इमारतीच्या आयुष्याला अक्षरं दिली आहेत. ए१ ते ए३ हे माल तयार होणं, ए४ वाहतूक, ए५ साइटवरचं काम, बी१ ते बी५ वापर, देखभाल, दुरुस्ती, बदल आणि नूतनीकरण, बी६ ऊर्जा, बी७ पाणी, सी१ ते सी४ पाडकाम आणि विल्हेवाट. ऑपरेशनलच्या वाट्याला यातले फक्त बी६ आणि बी७ येतात. एम्बॉडीड म्हणजे ‘फक्त बांधकामापर्यंतचा’ हा समज इथेच खोडून काढावा. बी१ ते बी५ आणि सी हेही त्याचेच.

आकडे मांडून बघू. गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या घराचा १०० चौरस मीटरचा, १५० मिमी जाडीचा स्लॅब घ्या. काँक्रीट १५ घनमीटर. घनमीटरला ३६० किलो सिमेंट धरलं तर ५,४०० किलो, म्हणजे १०८ पोती. साध्या पोर्टलँड सिमेंटला (ओपीसी) किलोमागे अंदाजे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे जवळपास ४.९ टन. घनमीटरला ८० किलो सळी धरली तर १,२०० किलो पोलाद. खनिजापासून केलेल्या पोलादाला किलोमागे अडीच किलो धरा, म्हणजे आणखी ३ टन. एकूण आठ टनांच्या घरात.

आता त्याच घरातला दीड टनाचा एक एसी. तासाला सरासरी एक युनिट, रोज आठ तास, वर्षाला १८० रात्री. म्हणजे १,४४० युनिट. गोव्याची वीज बहुतांश बाहेरूनच येते, म्हणून देशाच्या ग्रिडचा आकडा लावायचा: युनिटमागे साधारण ०.७ किलो. वर्षाला एक टन. स्लॅब ओतला त्या एका दिवसात त्या एसीची आठ वर्षं खर्ची पडली. (हे गणित ढोबळ आहे. खऱ्या अहवालात कंपनीचं पर्यावरण-घोषणापत्र मिळालं तर त्यातलाच आकडा घ्यावा.)

दोन्ही कार्बन टनांतच मोजतात, पण त्यांची घड्याळं वेगळी. एसी पुढच्या वर्षी बदलता येतो, ग्रिडही हळूहळू स्वच्छ होतंय. म्हणूनच घराचं आयुष्य धरून ०.७ ला सरळ ६० वर्षांनी गुणणं चूक. तसं केलं की ऑपरेशनल फुगतो आणि एम्बॉडीड नगण्य वाटू लागतो. स्लॅबमधला कार्बन मात्र ओतला त्या दिवशीच हवेत गेलेला असतो. सिमेंटच्या भट्टीला सगळी सौरऊर्जा पुरवली तरी तो पूर्ण टळत नाही, कारण चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड त्या दगडातूनच सुटतो. किलोभर क्लिंकरमागे (भट्टीतून निघणारे, दळून सिमेंट होणारे गोळे) अर्धा किलोच्या आसपास. त्यामुळे क्लिंकर कमी करणं हाच खरा उपाय. फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) मिसळलेलं पीपीसी सिमेंट वापरलं तर वरच्या स्लॅबमध्ये सव्वा टनाच्या आसपास वाचतं. फक्त क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) वाढवावं लागतं: आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ओपीसीला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किमान १०. सेंट्रिंग उतरवण्याची घाईही चालत नाही. ठेकेदार सातव्या दिवशी पाणी थांबवतो आणि मग पीपीसीला नावं ठेवतो.

गोव्यात या हिशेबात चिऱ्याला, म्हणजे जांभा दगडाला, वेगळं स्थान आहे. चिरा भट्टीत जात नाही. खाणीत मऊ असतो, करवतीने कापला जातो, हवा लागली की कठीण होतो. त्याचा कार्बन मुख्यतः कापण्यात आणि ट्रकमध्ये. पण हा फायदा घालवण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. तळमजल्याचा भार चिऱ्याची भिंत आरामात पेलत असताना आरसीसी कॉलम-बीमचा पूर्ण सांगाडा उभा करायचा, त्यात चिरा नुसता भरायचा आणि वर दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा चढवायचा. १०० चौरस मीटर भिंतीला १५ मिमी गिलावा १:४ प्रमाणात केला तर एका बाजूला अकरा-बारा पोती जातात. शिवाय पावसाळ्यात भिंतीत शिरलेलं पाणी त्या गिलाव्यामागे अडकतं आणि पापुद्रे सुटू लागतात. बाहेरून दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरून नुसता चिरा ठेवला, आतून चुन्याचा गिलावा केला, की दोन्ही प्रश्न एकदम हलके होतात.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो एसीतल्या गॅसबाबत. गॅस गळला तर तो विजेच्या खात्यात टाकला जातो. तो बी१ चा, म्हणजे एम्बॉडीडचा. आर-४१०ए चा एक किलो सुटला की साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. आर-३२ चा आकडा त्याच्या एक तृतीयांश. खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटची कॉइल गंजते, त्यामुळे कळंगूट किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर ही ओळ कोरी सोडून चालत नाही.

तोच खारा वारा सळीलाही खातो. एम्बॉडीड कमी दिसावा म्हणून कुणी सिमेंट किंवा कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) कापतं. किनारी हवेला उघड्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ किमान एम३० प्रत, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि ४५ मिमी कव्हर मागतं. ते टाळलं तर काही वर्षांत कव्हर फुगून सळ्या दिसतात. मग येतं ग्राउटिंग, जॅकेटिंग, नवी सळी. हे बी३ आणि बी४ च्या खात्यात पडतं आणि वाचवलेल्याहून जास्त भरतं. वर १५० मिमी जाडी धरली ती एवढं कव्हर बसावं म्हणूनच.

कधी कधी थोडा एम्बॉडीड मुद्दाम वाढवावा लागतो. उघड्या स्लॅबचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप) साडेतीनच्या वर जातो; इको निवास संहिता या घरांसाठीच्या ऊर्जाबचत नियमावलीची छपरासाठीची मर्यादा १.२ आहे. २५ मिमी एक्सपीएस या उष्णतारोधक फोमच्या थराने ती गाठता येते. त्या थराचा कार्बन ए मध्ये मांडा आणि एसीत होणारी घट बी६ मध्ये. किती वर्षांत फिटतं ते आपोआप दिसतं. खिडक्यांचं मात्र फुकटात होतं: दमट-उष्ण हवामानासाठी उघडणारं क्षेत्र चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के, म्हणजे ६० चौरस मीटरच्या फ्लॅटला १० चौरस मीटर हवं. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी त्यात निम्मीच धरली जाते, बिजागरीची ९० टक्के. आराखड्यात सरकत्या खिडक्या पूर्ण मोजल्या जातात आणि उत्तर चुकतं.

आता सुरुवातीच्या सोलर पॅनेलकडे. पॅनेल आणि त्याचं लोखंडी स्टँड बनवण्याचा कार्बन ए१ ते ए३ मध्ये. दहा-बारा वर्षांनी बदलावा लागणारा इन्व्हर्टर बी४ मध्ये. घरातच वापरलेली वीज बी६ मधून वजा. ग्रिडला विकलेली वीज मात्र डी या, इमारतीच्या हद्दीबाहेरच्या फायद्या-तोट्यांच्या वेगळ्या रकान्यात; ती बी६ मधून वजा केली तर तो आकडा तपासणारा पहिल्याच फेरीत लाल शाईने परत पाठवतो.