भयपटांच्या निर्मितीवरील माहितीपट

गाजलेला भयपट कसा घडला हे दाखवणारे किंवा सांगणारे माहितीपट. बोलताना त्यांना सरसकट ‘मेकिंग’ म्हणतात. डीव्हीडीच्या जमान्यात ते मूळ चित्रपटाच्या जोडीने फुकट मिळत. पुढे त्यांतले काही स्वतंत्रपणे महोत्सवांत आणि चित्रपटगृहांत दाखवले गेले. त्यांचे ढोबळ दोन प्रकार पडतात. पहिल्यात चित्रीकरण चालू असतानाच दुसरा कॅमेरा सेटवर हजर असतो. दुसऱ्यात कॅमेरा वीस-तीस, कधी पन्नास वर्षांनी येतो आणि हयात असलेल्यांना बोलते करतो. संख्येने दुसरा प्रकार कितीतरी मोठा, पण पुरावा म्हणून वजन पहिल्याचेच. भयपटांच्या बाबतीत या फरकाला विशेष महत्त्व आहे, कारण सेटवर नटनट्यांनी काय सोसले याच्या कथा चित्रपटांइतक्याच प्रसिद्ध आहेत आणि प्रत्येक मुलाखतीत त्यांना थोडे तिखटमीठ लावले जाते.

चित्रपट कसा बनतो हे चित्रपटातूनच दाखवण्याची कल्पना जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१७च्या सुमारास आपल्याच कामावर ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढला होता आणि त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. भयपटवाल्यांची रीत मात्र नेमकी उलटी, लपवण्याची. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या (१९३१) सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे बोरिस कार्लॉफचे नाव नव्हते, फक्त प्रश्नचिन्ह होते. ‘सायको’ (१९६०) सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असा आल्फ्रेड हिचकॉकचा दंडक होता. त्याच ‘सायको’च्या जाहिरातीत हिचकॉक साडेसहा मिनिटे सेटभर हिंडून प्रेक्षकाला घर, जिना, न्हाणीघर दाखवतो. हा मेकिंगचा आवच म्हणायचा, कारण तो सांगत काहीच नाही. शेवटी पडदा सरकतो तेव्हा शॉवरखाली किंचाळणारी बाई चित्रपटात तिथे मरणारी जॅनेट ली नसून दुसरी नटी व्हेरा माइल्स आहे, हेही कोणाच्या लक्षात येत नाही.

सेटवरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याने केलेला पहिला महत्त्वाचा प्रयोग स्पेनमधला आहे. जेस फ्रँको हा दिग्दर्शक १९७०च्या ‘काउंट ड्रॅक्युला’चे चित्रीकरण करत असताना कॅटलन दिग्दर्शक पेरे पोर्ताबेया तिथे आपला कॅमेरा घेऊन वावरत होता. त्यातून ‘कुआदेकुक, व्हँपिर’ हा कृष्णधवल चित्रपट तयार झाला. त्यात निवेदन नाही, मुलाखती नाहीत, संवादही जवळपास नाहीत. मूळ रंगीत चित्रपटातली दृश्ये इथे बाजूच्या कोनातून, काळ्या-पांढऱ्याच्या टोकाच्या छटांत दिसतात. धुराचे यंत्र धूर सोडते, कोळ्याची जाळी फवाऱ्याने शवपेटीवर उडवली जातात, आणि चौकटीच्या कडेला तंत्रज्ञ निवांत उभे असतात. युक्ती उघडी पडूनही भीती कमी होत नाही, हे या चित्रपटाने फार लवकर दाखवून दिले. शेवटी ड्रॅक्युला झालेला नट ख्रिस्तोफर ली रंगभूषेच्या खोलीत सुळे आणि रंगीत भिंगे काढतो आणि ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युलाच्या मृत्यूचा उतारा वाचून दाखवतो. अख्ख्या चित्रपटातले तेवढेच बोलणे.

अमेरिकेत हे काम एका शिक्षकाने केले. न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये शिकवणारा रॉय फ्रम्क्स दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या ‘डॉन ऑफ द डेड’ या झाँबीपटाच्या (झाँबी म्हणजे उठून चालणारी प्रेते) सेटवर पोहोचला आणि त्यातून ‘डॉक्युमेंट ऑफ द डेड’ हा माहितीपट आकाराला आला. १९७७-७८च्या हिवाळ्यात पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये दुकाने बंद झाल्यावर रात्री चित्रीकरण चाले आणि सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत गाशा गुंडाळावा लागे. नाताळची सजावट लागल्यावर ती रोज काढणे-लावणे परवडेना म्हणून काम काही काळ थांबवले गेले. फ्रम्क्सचा रस रक्तामांसापेक्षा कमी पैशांत चित्रपट कसा उभा राहतो यात जास्त होता. रोमेरो शॉट कसे लावतो, संकलन कसे करतो, याकडे त्याने लक्ष दिले. चित्रपटात तोंडावर क्रीमचा ‘पाय’ (केकसारखा पदार्थ) आदळलेल्या झाँबींपैकी एक फ्रम्क्स स्वतः आहे. हा माहितीपट त्याने पुढे अनेक वर्षे वाढवत नेला. खरे तर पहिला भाग पुरेसा होता.

या प्रकारातला सर्वांत मोलाचा नमुना म्हणजे व्हिव्हियन कुब्रिकचा ‘मेकिंग द शायनिंग’ (१९८०). स्टॅन्ली कुब्रिक इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत ‘द शायनिंग’ चित्रित करत होता तेव्हा त्याची ही धाकटी मुलगी सतरा-अठरा वर्षांची होती. अर्ध्या तासाहून थोडा लांब असलेला तिचा माहितीपट बीबीसीच्या ‘अरीना’ या मालिकेत दाखवला गेला. कुब्रिक बाहेरच्या कोणाला सेटवर कॅमेरा आणू देत नसे. मुलीला दिला, आणि मुलीला पाहून कोणी सावरून बसले नाही. नायक जॅक निकल्सन सेटवर जाण्याआधी दात घासतो. न्हाणीघराचे दार फोडण्याच्या दृश्याआधी तो हातात कुऱ्हाड घेऊन जागच्या जागी उड्या मारत, पुटपुटत स्वतःला तापवतो. कोठीघराच्या दृश्यात कुब्रिक जमिनीवर आडवा पडून वर निकल्सनकडे पाहतो आणि आपल्याला हवा तो कोन तिथल्या तिथे शोधतो. तो कोन नंतर चित्रपटात पाहिला की हा नियोजनाचा कळस समजला जाणारा दिग्दर्शक किती गोष्टी आयत्या वेळी ठरवत असे हे उमगते. संवादांची पाने रोज बदलत, याबद्दल निकल्सन थट्टा करतो.

सगळ्यात बोलका भाग नायिका शेली दुव्हालचा. खोट्या बर्फातून दार उघडून बाहेर येण्याचा तिचा शॉट चुकतो आणि कुब्रिक सर्वांसमक्ष तिच्यावर खेकसतो. ती थकून जमिनीवर पडलेली दिसते, गळलेले केस दाखवते, तर तो इतरांना तिला सहानुभूती देऊ नका म्हणून बजावतो. नंतर शांतपणे बोलताना दुव्हाल म्हणते की त्याचा राग येत असे, पण त्याच्याकडून शिकायलाही पुष्कळ मिळाले. दोन्ही गोष्टी एकाच माहितीपटात आहेत आणि निवेदक मधे येऊन निवाडा देत नाही. हॉटेलच्या आचाऱ्याची भूमिका करणारा स्कॅटमन क्रॉदर्स तर सहकलाकारांबद्दल बोलता बोलता रडू लागतो. ते अश्रू कृतज्ञतेचे आहेत. तरीही हा तटस्थ दस्तऐवज नव्हे. ज्याच्यावर चित्रपट, तोच घरचा कर्ता आणि सेटचाही मालक. इतके कडू क्षण त्यात राहिले याचेच नवल वाटते. दुव्हाल बेसबॉलची बॅट फिरवते त्या दृश्याचे १२७ टेक झाले अशी नोंद गिनीज बुकातून जगभर पसरली, पण चित्रपटावर काम केलेल्या काहींनी हा आकडा फुगवलेला असल्याचे म्हटले आहे. व्हिव्हियनच्या चित्रपटातून टेकची मोजदाद होत नाही; त्यामागचा स्वभाव मात्र नीट दिसतो.

दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे मागे वळून पाहणाऱ्या माहितीपटांना, बळ दिले ते घरी चित्रपट पाहण्याच्या साधनांनी. लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) १९८४पासून समालोचनाचा वेगळा ध्वनिपट्टा देता येऊ लागला. १९९७पासून डीव्हीडी आली आणि जुने चित्रपट नव्याने विकण्यासाठी ‘एक्स्ट्रा’ लागू लागले. युनिव्हर्सल स्टुडिओने आपल्या १९३०च्या दशकातल्या भयपटांसाठी असे माहितीपट करवून घेतले तेव्हा फार उशीर झाला होता. ‘फ्रँकेन्स्टाइन’चा दिग्दर्शक जेम्स व्हेल, कार्लॉफ, आणि त्याचा चेहरा रोज चार-चार तास खपून घडवणारा रंगभूषाकार जॅक पिअर्स, तिघेही केव्हाच वारले होते. त्यामुळे कार्लॉफची मुलगी सारा, ड्रॅक्युला साकारणाऱ्या बेला लुगोसीचा त्याच नावाचा मुलगा अशा वारसांच्या आठवणींवर आणि अभ्यासकांवर भिस्त ठेवावी लागली. ‘द रोड टू ड्रॅक्युला’ (१९९९) यांत सरस ठरतो, कारण त्याला सूत्रधार म्हणून कार्ला लॅम्ली मिळाली; १९३१च्या ‘ड्रॅक्युला’तले पहिले वाक्य तिच्याच तोंडी आहे. त्याच सेटवर रात्री वेगळ्या नटसंचात स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ चित्रित होत असे, ती हकीकत त्यातली नायिका लुपिता तोवार स्वतः सांगते.

‘द टेक्सस चेनसॉ मॅसेकर’वरचा डेव्हिड ग्रेगरीचा ‘द शॉकिंग ट्रूथ’ (२०००) नावाने सनसनाटी, पण आतून चोख आहे. जेवणाच्या टेबलाचे दृश्य १९७३च्या टेक्ससमधल्या उन्हाळ्यात सलग २६ तासांहून अधिक काळ चालले, हे भयपटप्रेमींना पाठ असते. तसे का झाले, हे कमी जणांना ठाऊक असते. आजोबांची भूमिका करणारा जॉन दुगन विशीतला तरुण होता. त्याच्या रंगभूषेला इतके तास लागत की ती पुन्हा लावून घ्यायला तो राजी नव्हता. म्हणून त्याची सगळी दृश्ये एका दमात उरकायची ठरले. खिडक्या झाकलेल्या, दिव्यांची धग, टेबलावर कुजत चाललेले मांस. बोट कापण्याच्या दृश्यात खोटे रक्त सोडणारी नळी चालेना, तेव्हा करवतवाला खुनी झालेल्या गनर हॅन्सनने नायिका मॅरिलिन बर्न्सचे बोट खरेच कापले.

बीबीसीचा ‘द फिअर ऑफ गॉड’ (१९९८) हा या प्रकारातला मानदंड. दिग्दर्शक निक जोन्स, लेखन आणि निवेदन समीक्षक मार्क कर्मोडचे. कर्मोड ‘दि एक्झॉर्सिस्ट’चा (१९७३), म्हणजे सैतानाने झपाटलेल्या मुलीच्या चित्रपटाचा, जाहीर भक्त, तरी त्याने प्रश्न टाळले नाहीत. मुलीची खोली शीतगृहासारखी गार करून नटांच्या तोंडातून वाफ कशी काढली, मधेच सेटला आग कशी लागली, हे त्यात आहेच. पण खरा गाभा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनच्या कामाच्या पद्धतीचा. नट दचकावेत म्हणून तो सेटवर बंदूक झाडत असे. शेवटच्या संस्काराच्या दृश्यात हात थरथरावेत म्हणून त्याने फादर विल्यम ओमॅली यांच्या थोबाडीत मारली; ओमॅली हे खरोखरचे जेझुइट पाद्री. मुलगी आईला झटका देऊन पाडते त्या दृश्यात एलन बर्स्टिनच्या कमरेला दोर बांधला होता. ओढ फार बसते आहे, असे तिने सांगूनही पुढच्या टेकला तो जोरात खेचला गेला. ती पाठीवर आपटली आणि तिची खरी किंकाळी चित्रपटात राहिली. जिन्यावरून उलट्या अंगाने उतरणाऱ्या मुलीचा गाळलेला प्रसंग या माहितीपटाने लोकांपुढे आणला. नटीला धरून ठेवणाऱ्या तारा दिसत असल्यामुळे तो कापला होता. २०००च्या सुधारित आवृत्तीत तारा पुसून तो परत घातला गेला.

याच चित्रपटावर २०१९ साली अलेक्झांडर ओ. फिलिपने ‘लीप ऑफ फेथ’ केला. त्यात फक्त फ्रीडकिन बोलतो. चित्रकला, संगीत, श्रद्धा यांवर तो रंगून बोलतो आणि ऐकावेसे वाटते, पण समोर बर्स्टिन नाही. दिग्दर्शकाच्या तोंडून त्याचीच कथा ऐकताना दुखापतीसुद्धा शैलीचा भाग वाटू लागतात. फिलिपचे जास्त चांगले काम म्हणजे ‘७८/५२’ (२०१७): ‘सायको’मधल्या शॉवरच्या एका प्रसंगावर दीड तास. ७८ कॅमेरास्थाने आणि ५२ कट, म्हणून हे नाव. सुरीच्या वाराचा आवाज खरबुजात सुरी खुपसून काढला होता आणि कृष्णधवल चित्रणामुळे रक्त म्हणून चॉकलेटचे सरबत चालून गेले. जॅनेट लीच्या जागी उघड्या अंगाने उभी राहिलेली मार्ली रेन्फ्रो इथे निवांत बसून आपला अनुभव सांगते. तिच्यासाठीच हा चित्रपट पाहावा. बाकी पुष्कळसे बोलणे चाहत्यांचे आहे.

लांबीच्या बाबतीत मात्र ताळतंत्र सुटला आहे. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या भयपट मालिकेवरचा ‘नेव्हर स्लीप अगेन’ (२०१०) चार तासांचा, तर ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेवरचा ‘क्रिस्टल लेक मेमरीज’ (२०१३) पावणेसात तासांच्या आसपास. यांत सोने सापडते, पण उपसावे लागते. पहिल्या एल्म स्ट्रीटमध्ये पलंगातून रक्ताचा लोट छताकडे उसळतो, त्यासाठी अख्खी खोली उलटी फिरवली होती. सगळे सामान खिळ्यांनी ठोकलेले, दिग्दर्शक वेस क्रेव्हन आणि कॅमेरामन खुर्च्यांना पट्ट्यांनी बांधलेले. खोली चुकीच्या दिशेने फिरली, लाल पाणी दिव्यांच्या तारांवर पडले, वीज गेली आणि दोघे अंधारात उलटे लटकत राहिले. डीव्हीडीचा खप घसरल्यावर अशा प्रकल्पांना चाहत्यांच्या वर्गणीचा आधार मिळाला. १९८०च्या दशकातल्या भयपटांवरचा ‘इन सर्च ऑफ डार्कनेस’ (२०१९) तसाच उभा राहिला, आणि वर्गणीदारांना आपला आवडता चित्रपट त्यात हवा असतो, हे त्याच्या लांबीवरून समजते.

भारतात हिंदी भयपटांचा कारखाना चालवणाऱ्या रामसे बंधूंनी ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला चित्रित केला. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन अशी कामे भावाभावांत वाटलेली होती. मेकिंगसाठी इतका आयता विषय क्वचितच मिळतो, पण त्यांच्या कामाची माहिती आज मुख्यतः मुलाखती आणि पुस्तकांतूनच घ्यावी लागते.

या माहितीपटांपुढची व्यावहारिक अडचण मूळ चित्रपटातल्या तुकड्यांच्या हक्कांची असते. स्टुडिओने हक्क दिले तर तो टीका सहन करील असे नाही. दिले नाहीत तर वाजवी वापराच्या कायद्यावर विसंबावे लागते किंवा पोस्टर आणि स्थिरचित्रांवर भागवावे लागते. याला ठळक अपवाद रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चा (१९६८). वितरकाने शीर्षक बदलताना जुन्या शीर्षकाच्या पाटीबरोबर स्वामित्वहक्काची ओळही गेली आणि त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. त्यामुळे ‘बर्थ ऑफ द लिव्हिंग डेड’सारख्या (२०१३) माहितीपटाला त्यातली दृश्ये मोकळेपणाने वापरता आली, मूळ निर्मात्यांना मात्र त्याच चुकीपायी कमाईच्या मोठ्या वाट्यावर पाणी सोडावे लागले.