स्पायवेअर काढणारं मोफत सॉफ्टवेअर: आधी त्याचा धनी कोण ते पाहा

डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचं हित जपणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने एका कंपनीविरुद्ध कोर्टात धाव घेतली. कंपनीचा धंदा कॉम्प्युटर ‘साफ’ करून देण्याचा होता. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस ही तिच्या मालाची नावं. इंटरनेटवर काही वाचत असताना अचानक एक खिडकी उघडायची, स्कॅनचा पट्टा सरकायचा आणि निकाल लागायचा: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये घातक प्रोग्रॅम सापडले आहेत! स्कॅन फुकट, सफाईचे मात्र पैसे. कमिशनच्या माहितीनुसार दहा लाखांहून जास्त लोकांनी ते पैसे भरले. खरं तर स्कॅन झालेलंच नव्हतं. २०१२ मध्ये या प्रकरणात १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल लागला.

वेबपेजला तुमच्या डिस्कवरच्या फाइली दिसत नाहीत. ब्राऊझर प्रत्येक पानाला एका बंदिस्त कप्प्यात चालवतो आणि त्या कप्प्याबाहेर हात घालायला त्याला मज्जाव असतो. तुम्ही स्वतः एखादी फाइल निवडून अपलोड केलीत तर तेवढी एक फाइल त्याला मिळते. त्यामुळे ‘आम्ही तुमचा कॉम्प्युटर तपासला, इतके व्हायरस सापडले’ असं एखादी वेबसाइट सांगत असेल तर ती नुसती चित्रं दाखवते आहे. सी ड्राइव्हचं फोल्डर, पुढे सरकणारा आकडा, लाल त्रिकोण, सगळं आधीच काढून ठेवलेलं असतं. टॅब बंद करायचा. बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राऊझरच संपवायचा.

हे प्रकार अनोळखी वेबसाइटपुरते राहिले नाहीत. ऑफिस डेपो ही अमेरिकेतली नावाजलेली दुकानसाखळी. तिथे ग्राहकाच्या कॉम्प्युटरवर मोफत तपासणीचा एक प्रोग्रॅम चालवला जायचा. सुरुवातीला चार प्रश्न असायचे: कॉम्प्युटर हळू चालतो का, जाहिराती उघडतात का, अशा धर्तीचे. कमिशनचा आरोप असा की यातल्या एकावर जरी खूण केली, तरी मालवेअरची, म्हणजे घातक प्रोग्रॅमची, लक्षणं सापडल्याचा अहवाल यायचा, मग स्कॅनमध्ये काहीही निघो. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तो प्रोग्रॅम पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम, दोघांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

म्हणून कोणी ‘चांगलं फुकटातलं अँटि-स्पायवेअर सुचव’ म्हणालं की मी नाव सांगण्याआधी एक प्रश्न विचारायला लावतो: हे फुकट देणाऱ्याचं पोट कशावर चालतं?

हा प्रश्न इथे इतका मोलाचा का, ते कळायला अशा सॉफ्टवेअरचं काम कसं चालतं ते पाहावं लागेल. स्पायवेअर म्हणजे तुमच्या नकळत माहिती गोळा करून बाहेर पाठवणारा प्रोग्रॅम. तुम्ही काय टाइप करता, कुठल्या वेबसाइटवर जाता, ब्राऊझरमध्ये कुठले पासवर्ड साठवले आहेत, यातलं काहीही. तो टिकून राहण्यासाठी विंडोजच्या कोपऱ्यांत मुळं रोवतो: रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या) आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदी, ठरल्या वेळी कामं सुरू करणारा टास्क शेड्युलर, ब्राऊझरला जोडलेली एक्स्टेन्शन्स, इंटरनेटची वाट वळवणाऱ्या प्रॉक्सीची सेटिंग्ज. तिथून त्याला उपटायचं तर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रत्येक फाइल वाचता यायला हवी, चालू प्रोग्रॅम थांबवता यायला हवा, सिस्टिमच्या फाइली पुसता यायला हव्यात. म्हणजे कॉम्प्युटरवरचे जवळजवळ सर्वोच्च अधिकार त्याच्या हाती द्यावे लागतात. स्पायवेअरला चोरून जे मिळवायचं असतं, ते आपण या सॉफ्टवेअरला ‘येस’ दाबून देतो.

त्या अधिकारांचं काय होऊ शकतं हे अवास्टच्या प्रकरणात दिसलं. चेक प्रजासत्ताकातल्या या कंपनीचं मोफत अँटिव्हायरस जगभर कोट्यवधी कॉम्प्युटरवर होतं, आपल्याकडेही घराघरांत होतं. व्हायरस पकडण्यात ते कच्चं नव्हतं. पण जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केलं की वापरणाऱ्यांनी कुठल्या वेबसाइट पाहिल्या, काय शोधलं, कुठे क्लिक केलं याची माहिती जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली जात होती. बोभाटा झाल्यावर जम्पशॉट त्याच महिन्यात बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलरची भरपाई बसवली आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घातली. हेरगिरीपासून वाचवण्याचं वचन देऊन घरात आलेल्यानेच हे करावं, याचा राग यायलाच हवा.

याचा अर्थ मोफत म्हणजे वाईट, असा नाही. काही कंपन्या साधी आवृत्ती फुकट देतात आणि चोवीस तास पहारा देणाऱ्या आवृत्तीचे पैसे घेतात. हा उघड व्यवहार आहे. काही वेळा ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनीच संरक्षण देते, कारण सिस्टिम बदनाम झाली तर नुकसान तिचंच. काही साधनं सरकारी खर्चाने मिळतात. कमाईचा मार्ग डोळ्यांना दिसतो तिथे विश्वास ठेवायला जागा असते. कंपनीचा पत्ता नाही, कमाई कशातून ते कळत नाही आणि ‘आजीवन मोफत’चा गजर चालू आहे, तिथून लांब राहावं.

विंडोज वापरणाऱ्या बहुतेकांकडे चांगलं मोफत साधन आधीच असतं. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट नावाची छोटी कंपनी विकत घेतली आणि तिच्या अँटि-स्पायवेअरमधून विंडोज डिफेंडर उभं केलं. पहिली काही वर्षं ते फक्त स्पायवेअर बघायचं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ते पुरतं अँटिव्हायरस झालं. ‘डिफेंडर काही कामाचं नाही’ हे वाक्य दुरुस्तीच्या दुकानांत अजून ऐकू येतं, पण ते जुन्या काळातलं आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन प्रयोगशाळा अँटिव्हायरसच्या चाचण्या घेऊन निकाल मोफत प्रसिद्ध करतात. अलीकडच्या वर्षांत तिथे डिफेंडर पैसे मोजून घेतलेल्या नावाजलेल्या अँटिव्हायरसच्या बरोबरीने उभं असतं. कुठलंही नाव पारखायचं तर ‘टॉप १०’च्या याद्यांपेक्षा हे निकाल पाहावेत. त्या याद्यांमधल्या लिंकांवर अनेकदा लिहिणाऱ्याला दलाली मिळते.

डिफेंडरमधल्या तीन गोष्टी बहुतेकांनी कधी उघडलेल्याच नसतात.

पहिली ऑफलाइन स्कॅन. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, तिथे स्कॅन ऑप्शन्समध्ये हा पर्याय आहे. चालू कामं सेव्ह करून तो निवडला की कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि नेहमीचं विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. याचं महत्त्व असं की काही स्पायवेअर चालू असताना स्वतःला लपवतं: फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागितली तर आपलं नाव वगळून यादी देतं. विंडोज चालूच नसेल तर त्यालाही चालता येत नाही, मग लपणार कसं? साध्या स्कॅनमध्ये काही सापडलं नाही आणि तरीही संशय जात नसेल, तर आधी हे करून पाहावं.

दुसरी एक्सक्लूजन्सची यादी. डिफेंडरला ‘या फोल्डरकडे बघू नकोस’ असं सांगायची सोय आहे आणि मालवेअर घुसलं की ते बऱ्याचदा आपलं फोल्डर तिथे टाकून मोकळं होतं. काही वेळा हे काम आपणच केलेलं असतं. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या सूचनांत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ किंवा ‘हे फोल्डर वगळा’ असं लिहिलेलं असतं. डीटीपीचं महागडं सॉफ्टवेअर, मराठी फॉन्टचा संच, हिशेबाचा प्रोग्रॅम, गेम अशा कशाच्याही मोहात लोक ते मुकाट करतात. त्या यादीत ओळखीचं नसलेलं काहीही दिसलं तर ते काढून टाका आणि मग पुन्हा पूर्ण स्कॅन करा.

तिसरी नको असलेली ॲप्स अडवण्याचं बटण. ते ॲप अँड ब्राऊझर कंट्रोलमध्ये असतं आणि चालू आहे का एवढंच बघायचं. एखाद्या फुकट पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर न विचारता घुसणारे टूलबार आणि जाहिरातवाले प्रोग्रॅम त्यात अडकतात.

दुसरं मत घ्यायचं असेल तर ‘मागू तेव्हाच तपासणारी’ साधनं घ्यावीत. सतत पहारा देणारी दोन अँटिव्हायरस एका कॉम्प्युटरवर ठेवली की ती एकमेकांच्या कामात पाय घालतात आणि कॉम्प्युटर रडतखडत चालतो. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती स्कॅन आणि सफाई दोन्ही करते. सुरुवातीला पैशांच्या आवृत्तीची चाचणी मुदत सुरू होते, ती संपली की फुकटाची सोय राहते. त्याच कंपनीचं ॲडडब्ल्यूक्लीनर (AdwCleaner) हे आणखी छोटं, ब्राऊझर बिघडवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी खास. मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर डाऊनलोड केल्यापासून दहा दिवसच चालतं, मग नवीन घ्यावं लागतं. ही मुदत मला आवडते, कारण घातक प्रोग्रॅमची जुनी ओळखयादी घेऊन फिरणारं स्कॅनर खोटा धीर देतं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. तिथे पुण्याच्या क्विक हीलसारख्या भारतीय कंपन्यांच्या सहकार्याने बनलेली सफाईची साधनं मोफत मिळतात.

स्पायबॉट आणि ॲड-अवेअर ही नावं मी मुद्दाम घेतली नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी, अँटिव्हायरस कंपन्या स्पायवेअरकडे काणाडोळा करत होत्या तेव्हा, या दोघांनी लोकांचे कॉम्प्युटर वाचवले. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्या काळातल्या शिफारशी अजून फिरत असतात आणि त्यांवरून आज निवड करू नये.

नाव ठरलं तरी फाइल कुठून घेता यावर बरंच अवलंबून असतं. गुगलवर नाव टाकलं की सर्वांत वर जाहिराती येतात आणि चोरटे अशा जाहिराती विकत घेऊन हुबेहूब दिसणारी वेबसाइट उभी करतात. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करावा. फाइल आली की ती उघडण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सचा टॅब बघावा. तिथे त्या कंपनीचं नाव हवं. हा टॅबच नसेल तर फाइल सरळ डिलीट करावी. नाव असलं तरी खात्री शंभर टक्के नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय सफाई प्रोग्रॅमच्या खऱ्याखुऱ्या, अधिकृत सही असलेल्या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर पोहोचली.

म्हणून आणखी एक चाळणी लावावी: व्हायरसटोटल. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गुगलकडे असलेली ही मोफत सेवा तुमची फाइल पन्नासहून जास्त अँटिव्हायरसना दाखवते. एखाद्यानेच बोट दाखवलं तर तो गैरसमज असू शकतो. दहा-पंधरा जणांनी दाखवलं तर विषय संपला. मात्र तिथे टाकलेल्या फाइली सुरक्षा कंपन्यांना पाहता येतात. तेव्हा प्रोग्रॅम जरूर तपासा, आधारची प्रत किंवा बँकेचं स्टेटमेंट कदापि टाकू नका.

एका परिस्थितीत मात्र स्कॅन करण्याची घाई करू नये. हेरगिरी घरातल्या किंवा जवळच्या माणसाने केली असावी असा संशय असेल, तर स्पायवेअर काढल्याबरोबर ते त्याच्या लक्षात येतं आणि पुरावाही जातो. छळ होत असेल तर यात धोका आहे. अशा वेळी त्या कॉम्प्युटरवर काही न शोधता, दुसऱ्या कोणाच्या फोनवरून विश्वासातल्या माणसाशी किंवा पोलिसांशी आधी बोलावं.

सफाई झाली की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं, आणि खरं नुकसान इथेच होतं. आजकालचं बरंचसं स्पायवेअर मुक्कामाला येत नाही. लुमा हे त्यातलं एक. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोर्टाच्या आदेशाने त्याचं जाळं मोडलं, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांतच ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटरना त्याची लागण झाल्याचं कंपनीने सांगितलं. असे प्रोग्रॅम ब्राऊझरमधले पासवर्ड आणि कुकीज काही क्षणांत उचलून पाठवून देतात. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलं आहे याची वेबसाइटने दिलेली खूण. ती हाती लागली की चोराला पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही न विचारता आत शिरता येतं. त्यानंतर तुम्ही स्पायवेअर काढा नाहीतर आख्ख्या लॅपटॉपला फॉरमॅट मारा, चोरीला गेलेली कुकी परत येत नाही.

त्यामुळे स्पायवेअर सापडलंच तर पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून. सर्वांत आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथूनच मिळतात, मग बँकेचा. प्रत्येक खात्यात ‘सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट’ हा पर्याय शोधून वापरा, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी होतात. ईमेलच्या सेटिंग्जमध्ये कोणी आपला फॉरवर्डिंगचा पत्ता किंवा रिकव्हरीचा नंबर घालून ठेवला आहे का तेही बघा. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.