आयफोनची एरर ३१९४: ॲपल सही देत नाही, की सहीची मागणी ॲपलपर्यंत जातच नाही?

आयफोन रिस्टोअर करताना संगणकावर ३१९४ आला की बहुतेक जण आधी केबल बदलतात, मग तीच फाइल पुन्हा उतरवतात आणि शेवटी डीएफयू मोड (फोनची प्रणाली सुरूच न होता तो संगणकाची वाट बघतो ती अवस्था) लावून बघतात. या तिन्हींनी काही होत नाही, कारण ही एरर सहीची, म्हणजे ती आयओएस आवृत्ती फोनवर बसवायला ॲपल देते त्या डिजिटल परवानगीची आहे. अडचण अशी की सहीच्या कामात दोन अगदी वेगळ्या गोष्टी बिघडू शकतात आणि दोन्ही वेळा समोर आकडा तोच येतो, बऱ्याचदा संदेशही तोच: हा फोन मागितलेल्या बिल्डसाठी (आवृत्तीसाठी) पात्र नाही. एका प्रकारात ॲपलचा सर्व्हर उत्तर देतो आणि ते उत्तर नकाराचं असतं. दुसऱ्यात विचारणाच तिथपर्यंत जात नाही, वाटेत अडते किंवा भलत्याच सर्व्हरकडे वळते. पहिल्यावर आपल्या हातात काही नसतं. दुसरं बहुतेक वेळा दहा मिनिटांत सुटतं. त्यामुळे आधी आपला प्रकार कोणता, ते ठरवा.

सही म्हणजे काय, हे थोडक्यात. आयपीएसडब्ल्यू फाइल, म्हणजे फोनचं फर्मवेअर (त्याची मूळ प्रणाली) असलेली फाइल, संगणकावर असणं पुरेसं नसतं. रिस्टोअर सुरू झाला की संगणक फोनकडून त्याचा ईसीआयडी, म्हणजे त्या चिपचा एकमेव क्रमांक, आणि नॉन्स नावाची त्या वेळेपुरती संख्या घेतो. त्याला फर्मवेअरच्या भागांचे हॅश (मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे) जोडून सगळं ॲपलच्या सही-सर्व्हरकडे पाठवतो. त्याचा पत्ता जीएस डॉट ॲपल डॉट कॉम. ती आवृत्ती ॲपलने चालू ठेवली असेल तर फक्त त्याच फोनसाठी तिकीट तयार होऊन परत येतं. फोन ते तिकीट तपासतो आणि मगच पुढे सरकतो. आवृत्ती बंद केलेली असेल तर उत्तरात स्टेटस ९४ येतो. ३१९४ मधले शेवटचे दोन आकडे तेच. ही पद्धत २००९ च्या आयफोन ३जीएसपासून आहे. नॉन्स २०११ मध्ये आयओएस ५ बरोबर आला, आणि तेव्हापासून जुनं जपून ठेवलेलं तिकीट नुसतं पुन्हा वापरता येत नाही.

हे सगळं ‘ॲपलकडे पडताळणी चालू आहे’ अशा अर्थाचा संदेश दिसतो तेव्हा घडतं. रिस्टोअर तिथेच अडला असेल तर फोनमधला डेटा अजून पुसलेला नसतो. घाबरून भलतंसलतं दाबू नका.

ओळखायची एकच चाचणी

हाताने निवडलेली फाइल बाजूला ठेवा. मॅकवर ऑप्शन किंवा विंडोजवर शिफ्ट न दाबता ‘अपडेट’ किंवा ‘रिस्टोअर’चं साधं बटण दाबा आणि फाइंडरला, आयट्यून्सला किंवा ॲपल डिव्हायसेसला स्वतःच फर्मवेअर उतरवू द्या. तो नेहमी त्या मॉडेलची सध्याची आवृत्ती आणतो आणि सध्याच्या आवृत्तीची सही चालूच असते. डेटा हवा असेल तर रिकव्हरी मोडमध्ये (फोनवर केबल-संगणकाचं चित्र दिसतं ती अवस्था; तिथे जायची बटणं शेवटी दिली आहेत) विचारल्यावर आधी ‘अपडेट’ निवडा. त्यात फोन न पुसता फर्मवेअर बसतं. ‘रिस्टोअर’ सगळं पुसतो.

असं केल्यावर काम झालं, तर तुमची आधीची फाइल सही बंद झालेल्या आवृत्तीची होती. ताज्या आवृत्तीलाही ३१९४च आला, तर दोष तुमच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये आहे. आवृत्तीची सही चालू आहे का, हे आयपीएसडब्ल्यू डॉट मी या साइटवरही मॉडेलनुसार दिसतं, पण निर्णय वरच्या चाचणीवर सोडा. ती तुमच्याच फोनवर आणि तुमच्याच नेटवर्कवर होते.

पहिला प्रकार: सही बंद

नवी आवृत्ती आल्यावर ॲपल आधीची काही दिवस किंवा काही आठवडे चालू ठेवते आणि मग बंद करते. ठरलेली तारीख नसते. म्हणून गेल्या आठवड्यात ज्या फाइलने फोन नीट रिस्टोअर झाला, तीच आज ३१९४ देते. फाइल खराब झालेली नसते आणि ती पुन्हा उतरवण्यात पाचसात जीबी फुकट जातात.

डीएफयू मोडनेही इथे फरक पडत नाही. रिकव्हरीत आयबूट हा फोन सुरू करणारा छोटा प्रोग्राम चालू असतो, डीएफयूत तोही नसतो, पण तिकीट दोन्हीकडे लागतं. एसएचएसएच ब्लॉब, म्हणजे जुन्या आवृत्तीची तिकिटं, जपून ठेवण्याचा मार्ग अजून चर्चेत असतो. मात्र त्यासाठी नॉन्स जुळवावा लागतो, म्हणजे बहुतेक वेळा जेलब्रेक (ॲपलची बंधनं तोडणं) आधीच हवा, आणि सिक्युअर एन्क्लेव्ह या सुरक्षेच्या वेगळ्या चिप-भागाचं फर्मवेअरही त्या जुन्या आवृत्तीशी जुळायला लागतं. नव्या फोनवर कुणी पैसे घेऊन हमखास जुनी आयओएस टाकून देतो म्हणत असेल, तर पैसे देऊ नका.

जुन्या मॉडेलचं गणित थोडं वेगळं आहे. आयफोन ६ ला आयओएस १३ मिळालाच नाही. त्यामुळे त्याच्यासाठी ‘सध्याची’ आवृत्ती म्हणजे १२.५ मालिकेतली शेवटची, आणि ती सही होते. फोन जुना झाला म्हणून तो रिस्टोअर होणार नाही, असं नाही.

बीटावरून, म्हणजे आयओएसच्या चाचणी-आवृत्तीवरून, परत येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. सध्याच्या नेहमीच्या आवृत्तीवर परत जाता येतं, पण बीटावर घेतलेला बॅकअप तिच्यापेक्षा नवा असल्याने तिथे चढत नाही. बीटा घेण्याआधीचा बॅकअप संगणकावर वेगळा जपून ठेवलेला असेल तरच आधीची माहिती परत येते.

दुसरा प्रकार: सर्व्हरपर्यंत पोहोच नाही

यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोषी म्हणजे होस्ट्स फाइल: कोणत्या नावाच्या सर्व्हरसाठी कोणत्या आयपी पत्त्यावर जायचं, हे संगणकाला सांगणारी यादी. जेलब्रेकच्या काळात जुनी तिकिटं वापरण्यासाठी लोक सहीची मागणी दुसरीकडे वळवत: सायडिया या जेलब्रेकवाल्यांच्या ॲप-दुकानाच्या सर्व्हरकडे किंवा टायनीअंब्रेलासारख्या प्रोग्रामने स्वतःच्याच संगणकाकडे. त्यासाठी टाकलेली ओळ कित्येक संगणकांत वर्षानुवर्षं तशीच राहते. सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप किंवा दुरुस्तीच्या दुकानातला जुना संगणक असेल तर ही शक्यता आधी तपासा.

विंडोजवर ही फाइल सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या क्रमाने उघडल्यावर सापडते. नाव नुसतं ‘होस्ट्स’, पुढे टीएक्सटी नाही. आधी नोटपॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, मग त्यातून ‘ऑल फाइल्स’ निवडून ती फाइल उघडा. जीएस डॉट ॲपल डॉट कॉम असलेली प्रत्येक ओळ शोधा. तिच्या डावीकडे १२७.०.०.१ किंवा ७४.२०८ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर दोष सापडला. ती ओळ पुसा किंवा तिच्या सुरुवातीला # लावा. इथे नेहमी होणारी गडबड म्हणजे सेव्ह करताना नोटपॅड टीएक्सटी जोडतो. मग शेजारी नवी फाइल तयार होते, मूळ तशीच राहते आणि ‘बदल करूनही काही झालं नाही’ असं वाटतं. काही अँटिव्हायरस ही फाइल बदलू देत नाहीत. तेवढ्यापुरतं त्यांचं संरक्षण बंद करा. मॅकवर फाइंडरच्या ‘गो टू फोल्डर’मध्ये प्रायव्हेटमधल्या ईटीसीचा मार्ग द्या, फाइल डेस्कटॉपवर कॉपी करा, तिथे बदला आणि पासवर्ड देऊन परत ठेवा. दोन्हीकडे बदलानंतर संगणक रीस्टार्ट करा, म्हणजे जुना पत्ता स्मरणात राहत नाही.

खात्रीसाठी टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्टमधून त्या पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं की नाही, हे इथे बघायचं नाही. कंसात कोणता आयपी दिसतो, एवढंच बघा. १२७.०.०.१ किंवा ७४.२०८चा पत्ता दिसत असेल तर ओळ अजून कुठेतरी शिल्लक आहे.

होस्ट्स स्वच्छ असेल तर नेटवर्क बघा. सहीसाठी ८० आणि ४४३ हे नेटवर्कचे पोर्ट (जोडणीचे मार्ग) उघडे लागतात. ऑफिस, कॉलेज किंवा हॉस्टेलच्या नेटवर्कवर प्रॉक्सी (मधला सर्व्हर) सुरक्षित जोडणी मधेच उघडून तपासत असेल तर ॲपलचा सर्व्हर ते चालवून घेत नाही. व्हीपीएन बंद करा. संगणकाची तारीख, वेळ आणि टाइम झोन तपासा. बॅटरी संपलेल्या जुन्या डेस्कटॉपवर तारीख मागे गेलेली असते आणि मग सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेटच अवैध ठरतं. पोहोच नसल्यावर ३१९४ ऐवजी ३००४, ३०१३, ३०१४ किंवा ३०१५ही येऊ शकतात. तपासणी तीच.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट. मोठी फाइल आधी नेहमीच्या वायफायवर उतरवून घ्या, मग हॉटस्पॉटवर जाऊन शिफ्ट किंवा ऑप्शनने तीच फाइल निवडा. तिकिटासाठी डेटा नगण्य लागतो.

या दोन्हींत न बसणाऱ्या एरर

‘फर्मवेअर फाइल सुसंगत नाही’ हा संदेश सहीचा नाही, चुकीच्या मॉडेलच्या फाइलचा आहे. आयफोन १३चा अंतर्गत क्रमांक आयफोन१४,५ असा आहे आणि आयफोन १४चा आयफोन१४,७. फाइलच्या नावात १४ बघून लोक नेमकी उलटी उतरवतात.

४०१३, ४०१४ किंवा ९ आल्यास सही झालेली असते. फोनवर पट्टी सरकू लागल्यावर जोडणी तुटली, असा त्याचा अर्थ. केबल आणि यूएसबी पोर्ट बदलायचे ते इथे, हब काढून. तरीही येत राहिलं तर बोर्ड तपासायची वेळ आली.

आणि फर्मवेअर उतरायला पंधरा मिनिटांहून जास्त लागली तर फोन आपोआप रिकव्हरीतून बाहेर पडतो. ही एरर नव्हे. डाउनलोड पूर्ण होऊ द्या, मग आयफोन ८ किंवा त्यानंतरच्या फोनवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा आणि बाजूचं बटण केबल-संगणकाचं चित्र येईपर्यंत धरून ठेवा. ॲपलचा लोगो दिसला म्हणून ते आधीच सोडू नका.